काच पुसणारे हात

कंदिलाची काच पुसायचं काम मुलांकडे असे, कारण काचेचं तोंड लहान. मोठ्या माणसाची मूठ त्यातून आत जात नाही. आठ-दहा वर्षांच्या पोराची जाते. कोकणातल्या घरांत वीज येण्याआधी तिन्हीसांजेच्या आत पडवीत दोन-तीन कंदील ओळीने मांडले जायचे आणि घरातली एखादी मुलगी, बहुतेक घरांत मुलगीच, फडकं आणि राखेचा डबा घेऊन त्यांच्यासमोर बसायची. त्या वस्तूची घडणच अशी होती की लहान हात लागल्याशिवाय ती रात्रीसाठी तयार होत नव्हती.

बालपण बदललं असं म्हणताना आपण बहुधा खेळांची यादी काढतो. विटीदांडू गेला, मोबाइल आला. मला ती यादी अपुरी वाटते. घरातलं यंत्र मुलाकडून काय मागत होतं, आणि मुलाची चूक झाली तर ती त्याला कशी कळत होती, एवढं पाहिलं तर आजी, आई आणि नात यांच्या लहानपणांतलं अंतर जास्त स्वच्छ दिसतं.

कंदिलाचंच काम घ्या. ते दिवसाउजेडी करायचं, काच पूर्ण गार असताना. आधी चुलीतली राख फडक्यातून चाळून घ्यायची, कारण तीत राहिलेला कोळशाचा खडा काचेवर कायमचा ओरखडा काढतो. कोरड्या राखेने आतून गोल घासायचं, मग जुन्या वर्तमानपत्राच्या बोळ्याने पुसायचं. पाणी शक्यतो लावायचं नाही. लावलंच तर काच खडखडीत कोरडी झाल्याशिवाय बसवायची नाही. ओलसर काच ज्योतीवर तापली की तडकते, आणि पेटता कंदील पावसात पडवीच्या कडेला टांगला तर पागोळीचा एक थेंबही पुरतो. तडा लहान असेल तर खळ लावून त्यावर कागदाची पट्टी चिकटवत आणि तीच काच पुढच्या बाजारापर्यंत चालवत.

मग वात. ती चपटी, पट्टीसारखी, सुती. जळून काळा झालेला काठ कात्रीने सरळ कापायचा आणि दोन्ही कोपरे तांदळाच्या कणीएवढे उतरवायचे. कोपरे तसेच राहिले तर ज्योतीला दोन शिंगं फुटतात. कात्री तिरकी चालली तर एकच शिंग फुटतं आणि काचेची तेवढी एक बाजू काळी होते. नवी वात घातली असेल तर पेटवण्याआधी ती रॉकेलमध्ये मुरू द्यायची, नाहीतर रॉकेल वर चढायच्या आत सूतच जळून जातं. टाकी नरसाळ्याने पाऊण भरायची, चुलीपासून लांब बसून. शेवटी बर्नरखालची भोकं बघायची. पावसाळ्यात त्यांत किडे अडकतात, ते झावळीच्या हिराने काढायचे. ही भोकं बुजली की खालून हवा येत नाही आणि वात कितीही नीट कापलेली असली तरी कंदील काजळतो.

ह्या कामात चूक लपत नसे, आणि तीच त्याची सगळ्यात मोठी गोष्ट. रात्री आठ वाजता काच डाव्या अंगाने काळी पडू लागली की दुपारी कात्री कुठे तिरकी गेली ते कापणाऱ्या मुलीला बसल्या जागी कळे. कुणी रागावायची गरज नव्हती. दुसऱ्या दिवशी ती कात्री वेगळी धरी.

त्या दिवसांना सोन्याचा मुलामा द्यायचं मात्र काही कारण नाही. रॉकेल बाटलीत ठेवलं जायचं आणि तहानलेलं पोर पाणी समजून ते तोंडाला लावायचं. अशा मुलाला उलटी करवायची नसते, कारण वर येताना रॉकेल श्वासनलिकेत उतरतं आणि फुप्फुसाला इजा करतं. तरी धास्तावून मिठाचं पाणी पाजणारी माणसं होती. धूर होता, भाजणं होतं, आणि ज्या मुलीचे हात काचेत जात तिचेच हात पुढे कळशीलाही लागत. काम शिकवत होतं हे जितकं खरं, तितकंच ते मुलींच्या वाट्याला जास्त येत होतं हेही खरं.

कोयनेचं पाणी पोफळीच्या वीजघरात १९६० च्या दशकात पडू लागलं. पोफळी चिपळूण तालुक्यातलीच, पण वीज कोकणातल्या आडबाजूच्या वाड्यांवर पोचायला त्यानंतर बरीच वर्षं गेली. बल्ब आला आणि त्याने मुलांना वाचायला हवी तेवढी रात्र दिली. हे देणं फार मोठं आहे. बदल्यात त्याने मुलाकडे काहीच मागितलं नाही. बटण दाबलं की लागतो, आणि नाही लागला तर वायरमनची वाट बघायची.

पुढच्या यंत्राने मात्र मुलांना पुन्हा कामाला लावलं, तेही थेट छपरावर. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. कोकणातल्या गावांत टीव्ही रुळला तो त्यानंतर, लहान-लहान प्रक्षेपण केंद्रं उभी राहत गेली तसा. डोंगर आणि खाड्यांच्या ह्या मुलखात चित्र आपोआप येत नाही. त्यासाठी अँटेना लागे, आणि अँटेना फिरवायला असा कुणीतरी लागे जो कौलांवर चढला तरी कौल फुटत नाही. म्हणजे घरातला सगळ्यात हलका गडी.

मंगलोरी कौलांवर चालायची रीत आहे. पाय कौलाच्या मध्यावर टाकायचा नाही. जिथे एक कौल दुसऱ्यावर चढतं आणि खाली रीप असते तिथे टाकायचा, आणि शक्यतो वाशाच्या रेषेत. मधे पाय पडला तर कौल फुटल्याचा आवाज येतोच असं नाही. बारीक तडा जातो, आणि तो मृगाच्या पहिल्या सरीत माजघरात टपटपतो. पोराची मे महिन्यातली चूक जूनमध्ये घरभर कळे.

अँटेनाच्या काड्यांत सगळ्यात लांब काडी मागे, वायर जोडलेली वळवलेली काडी तिच्यापुढे, आणि आखूड काड्या टोकाकडे. आखूड टोक प्रक्षेपण केंद्राकडे करायचं. एकाने छपरावर दांडी फिरवायची, दुसऱ्याने अंगणात उभं राहून निरोप पोचवायचा, तिसऱ्याने पडद्यासमोर बसायचं. “इला काय रे?” “नाय! गेला!” पडद्यावर नुसत्या मुंग्या असल्या तर दिशाच चुकलेली असे, नाहीतर वायर सुटलेली. पण प्रत्येक माणसाच्या शेजारी त्याचीच फिकट सावली दिसत असेल तर कारण वेगळं: केंद्राकडून एक लहर सरळ येते, दुसरी समोरच्या डोंगरावर आपटून क्षणभर उशिरा पोचते. अशा वेळी अँटेना बरोब्बर केंद्राकडे करून भागत नाही. ती थोडी आडवी वळवून डोंगराकडून येणारी लहर टाळावी लागते; चित्र किंचित फिकं होतं, पण सावली जाते. हे तत्त्व शाळेच्या विज्ञानात यायच्या कितीतरी आधी कोकणातल्या पोरांच्या मनगटात बसलं होतं.

खाऱ्या हवेचं दुखणं वेगळंच. अॅल्युमिनियमच्या काडीला तांब्याची वायर स्क्रूने आवळलेली असते, त्या जोडावर समुद्रकाठी वर्षाच्या आत हिरवट-पांढरा थर धरतो आणि चित्र हळूहळू मरत जातं. उपाय सोपा: स्क्रू सोडायचा, वायरचं टोक पात्याने चकचकीत होईपर्यंत खरवडायचं, पुन्हा आवळायचं, वर टेप गुंडाळायची. चपटी वायर लोखंडी पाइपाला चिकटवून खाली आणली तरी चित्र बिघडतं. ती पाइपापासून चार बोटं दूर धरावी लागते. आणि मेअखेरीस किंवा हस्तात ढग गडगडू लागले की आधी टीव्हीमागची वायर उपटायची. डिश आली तेव्हा हे सगळं एका दिवसात संपलं. डिश माणूस येऊन बसवून जातो. तिला हात लावलेलाही त्याला आवडत नाही.

पत्रांचं थोडक्यात सांगतो, कारण ते सगळ्यांना आठवतं. मुंबईला गिरणीत किंवा गोदीत असलेल्या चाकरमान्याचं पत्र घरात वाचायचं कोणी? शाळेत जाणाऱ्या पोराने. मनिऑर्डरच्या तळाशी मजकुराला दोन बोटं जागा असे, तीही तोच वाचे. त्यामुळे घराचं कर्ज किती, कुणाचं लग्न अडलं, कुणाची नोकरी गेली, हे दहा वर्षांच्या मुलाला आजोबांच्या आधी ठाऊक असायचं. एसटीडी बूथ आले तेव्हा रात्री ११ नंतर पाव दर लागायचा, आणि जागं राहून नंबर फिरवायचं काम पुन्हा त्याच्याकडे. आज व्हिडिओ कॉलवर त्याला फक्त चेहरा दाखवायला बोलावतात.

ह्या सगळ्याहून जुनी एक विद्या किनाऱ्यावरच्या मुलांना मिळत आली आहे, आणि तिला यंत्र लागत नाही: भरती-ओहोटीचं गणित. तिथीची पाऊणपट करायची की भरती पूर्ण व्हायची वेळ निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. वद्य पक्षात पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. तीच वेळ दिवसाही आणि साधारण रात्रीही. मधे सव्वासहा तासांनी ओहोटी. कालनिर्णय भिंतीवर असलं की काम झालं.

हा नियम किती चुकतो तेही समजून घेण्यासारखं आहे. पंधरा तिथ्यांत भरतीची वेळ घड्याळाचे बारा तास सरकते, म्हणजे तिथीमागे ४८ मिनिटं. पाऊणपट करताना आपण ४५ धरतो. तिथीमागे ३ मिनिटं गळतात आणि पौर्णिमेला हिशेब सव्वाअकरा दाखवतो, बारा नाही. शिवाय भरती रोज सारख्या अंतराने मागे पडत नाही. उधाणाच्या, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीच्या, दिवसांत कमी; भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या लहान भरतीच्या, दिवसांत तासाहून जास्त. त्यातच ठिकाणाचा फरक. भरतीची लाट ह्या किनाऱ्याला दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकते, त्यामुळे मालवणला ती मुंबईच्या आधी येते. उलट खाडीत आत-आत जावं तशी ती उशिरा पोचते. म्हणून प्रत्येक गावात जाणत्यांची स्वतःची दुरुस्ती असते: आपल्या धक्क्यावर पाऊण तास आधी धर, वरच्या वाडीला अर्धा तास नंतर.

तिसऱ्या, मुळे, कालवं अशी शिंपली काढायला जाणाऱ्या मुलांना वेळेइतकंच पाणी किती आटणार हे महत्त्वाचं. अष्टमीला ओहोटी भर दुपारी येते, सोयीची वेळ, पण भांग असतो. पाणी थोडंच मागे सरतं आणि चांगल्या जागा बुडालेल्याच राहतात. अमावास्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी उधाण सगळ्यात मोठं. तेव्हा पहाटे आणि संध्याकाळी पाणी एवढं ओसरतं की एरवी न दिसणारा चिखल उघडा पडतो. पावसाळ्यात दिवसाची भरती मोठी, थंडीत रात्रीची.

आणि धोका कुठून येतो, हे पोरांना पहिल्याच दिवशी सांगितलं जातं: पाणी मागून भरतं. खाडीतला वाळूचा दांडा उंच असतो, त्याच्या आणि काठाच्या मधली घळ खोल. भरती लागली की दांड्यावरच्या मुलाचे पाय कोरडे असतात आणि परतीची घळ भरलेली असते. भरतीच्या सहा तासांत पहिल्या आणि शेवटच्या तासाला पाणी थोडंच चढतं. मधल्या दोन तासांत एकूण चढाच्या निम्मं चढतं. म्हणून पाणी वळलं की तासाभराच्या आत घळ ओलांडायची. अजून बरंच कोरडं दिसतंय, हे कारण चालत नाही.

आज हे सगळं फोनवर आहे, मिनिटापर्यंत. मी त्याच्या विरुद्ध नाही; भरतीची कोष्टकं नीट गणिताने बनतात आणि पाऊणपटीपेक्षा ती नक्कीच नेमकी. पण अॅपमध्ये बंदर कुठलं निवडलंय हे मूल बघत नाही. मुंबईची वेळ लागलेली असते आणि ते मालवणजवळच्या आचऱ्याच्या खाडीत उतरतं. उंचीचा आकडाही तसाच फसवतो: मुंबईत उधाणाला पाण्याचा चढउतार चार मीटरच्या वर जातो, मालवण-वेंगुर्ल्याकडे तो दोन-अडीच मीटरचा. शिवाय कोष्टक फक्त चंद्रसूर्याचा हिशेब करतं. हवेचा दाब एक मिलीबार उतरला की समुद्र साधारण एक सेंटिमीटर फुगतो, वारा किनाऱ्याकडे रेटत असेल तर त्याहून जास्त, आणि वर सह्याद्रीत पाऊस झाला असेल तर खाडीचं पाणी ओहोटीच्या वेळीही उतरत नाही. हे काहीच त्या आकड्यात नसतं. आकडा मात्र तितकाच ठाम दिसतो.

कंदिलाची आणि फोनची काच ह्यांत मला हा फरक मोठा वाटतो. एक काच आतली चूक बाहेर दाखवत होती. दुसरी नेहमी चकचकीत असते.

२०२० च्या जूनमध्ये ह्या दोन्ही काचा एकदम हव्या झाल्या. शाळा मार्चपासून बंद, वर्ग फोनवर, आणि ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर येऊन आदळलं. श्रीवर्धन, मुरुड, मंडणगड, दापोली ह्या भागांत विजेचे खांब आडवे झाले आणि कित्येक वाड्या आठवडेच्या आठवडे अंधारात राहिल्या. माळ्यावरचे कंदील खाली आले, पण गॅस आलेल्या घरांत रॉकेल उरलं नव्हतं. जिथे वादळ पोचलं नाही तिथेही मुलं रेंजसाठी सड्यावर, म्हणजे गावावरच्या सपाट कातळावर, चढून बसली, काहींनी वर झापांची खोप बांधली.

रेंज तिथेच का, हे त्या मुलांना सहज समजण्यासारखं होतं, पण समजावून सांगणारं कुणी नव्हतं. कोकणातली घरं पाण्याच्या आश्रयाने बसलेली, वहाळाच्या किंवा खाडीच्या काठी, खोलगट जागी. टॉवर वर सड्यावर. मधे जांभ्याची कड आडवी येते आणि लहर तिच्यावरून खाली वळत नाही. छपरावर कौलं असतील तर थोडीफार आत येते, पत्रे असतील तर अडते. पावसात भिजलेली झाडी तिला आणखी खाते, म्हणून मेमध्ये ओटीवर लागणारा फोन जुलैत लागत नाही. छपरावरच्या पोराला हे अँटेनाने शिकवलं असतं. फोनवर फक्त दांड्या कमी-जास्त होतात.

तरीही आजच्या मुलांकडे घरातलं काम नाही, असं म्हणणं अन्यायाचं होईल. आजोबांचा सातबारा उतरवून देणं, गॅस नोंदवणं, एसटीचं आरक्षण, आजीचा ओटीपी वाचून दाखवणं, हे सगळं नातवंडंच करतात. पत्र वाचणाऱ्या पोराचीच ही जागा आहे. तिची जबाबदारी वाढली आहे, कारण पत्र चुकीचं वाचलं तर गैरसमज व्हायचा आणि आता खातं रिकामं होतं. त्यांना कंदिलाइतकेच रोखठोक नियम द्यायला हवेत. पैसे येण्यासाठी पिन कधीच लागत नाही. पिन मागितला म्हणजे पैसे जाणार. ओटीपी वाचण्याआधी त्याच्या मेसेजमध्ये रक्कम आणि कारण काय लिहिलंय ते मोठ्याने वाचायचं. कुणी फोनवर बोलता बोलता स्क्रीन दिसण्याचं अॅप घ्यायला लावत असेल तर फोन ठेवायचा आणि बँकेत स्वतः जायचं. दहा वर्षांच्या मुलाला हे नक्की कळतं, आणि आजीपेक्षा लवकर कळतं.

अॅपची परीक्षा घ्यायचा एक जुना मार्गही किनाऱ्यावरच्या घरांना मोकळा आहे. तीन मीटरचा, मुंबईच्या बाजूला त्याहून लांब, सरळ बांबू घ्यावा, त्यावर दहा-दहा सेंटिमीटरवर ऑइलपेंटच्या पट्ट्या ओढाव्यात, मीटरची पट्टी लाल. गावच्या धक्क्याला, ओहोटीतही पाणी राहतं अशा बाजूला, तो वर, मधे आणि खाली असा तीन ठिकाणी नायलॉनच्या दोरीने आवळावा. दोनच ठिकाणी बांधला तर लाटेने हलून सैल होतो. बांधताना मोठं माणूस सोबत हवंच. मग मुलाने एक पंधरवडा वहीत चार रकाने भरायचे: तिथीच्या पाऊणपटीची वेळ, अॅपची वेळ, प्रत्यक्ष पाणी थांबल्याची वेळ, आणि भरतीला व ओहोटीला बांबूवरची पट्टी. लाटा असतील तर वरचा आणि खालचा आकडा बघून मधला घ्यायचा. पाणी थांबल्याचा क्षण नीट दिसत नाही, ते दहा-पंधरा मिनिटं एकाच पट्टीशी घुटमळतं. त्या घुटमळण्याचा मध्य धरायचा.

पहिले तीन-चार दिवस आकडे विस्कटलेले येतात. आठवड्याभराने आपल्या धक्क्याची दुरुस्ती समोर येते, समजा अॅपच्या वीस मिनिटं आधी. अष्टमीच्या आसपास भरतीची आणि ओहोटीची पट्टी जवळ येतात, द्वितीयेला लांब जातात. एखाद्या दिवशी पाणी हिशेबापेक्षा दोन पट्ट्या वर थांबलं तर त्या तारखेपुढे वारा कुठला होता ते लिहून ठेवायचं. मेअखेरीस बांबू सोडून घरी न्यावा, पहिल्या पुरात तो टिकत नाही. पण नेण्याआधी लाल पट्टीच्या पातळीला धक्क्याच्या दगडावर रंगाची एक आडवी रेघ मारून ठेवावी, म्हणजे नारळी पौर्णिमेनंतर तोच बांबू त्याच उंचीला पुन्हा बांधता येतो आणि मागची वही पुढे चालू राहते.